मीटिंग पुढे ढकलायची की अलीकडे घ्यायची?



हल्ली आपल्या घरांत एक नवीन काम आलं आहे. त्याला कढई लागत नाही, विळी लागत नाही, पण अर्धा दिवस जातो. ‘ठरलेली मीटिंग त्या दिवशी मला जमणार नाही’ एवढंच समोरच्याला इंग्रजीत, नम्रपणे कळवायचं! मुली, सुना घरून काम करतात. त्यांच्या मीटिंगा पुण्याच्या, बंगळुरूच्या, लंडनच्या माणसांबरोबर असतात. आपल्या तिथ्या मात्र पंचांगाप्रमाणे येतात. अष्टमी, चौदस, आयंबिलची ओळी, पर्युषण यांना ऑफिसचं कॅलेंडर ठाऊक नाही आणि ऑफिसच्या कॅलेंडरला या ठाऊक नाहीत. दोघांच्या मधे सापडते ती आपली पोर.

आमच्या कामठ्यात बैठक पुढे ढकलायला कागद लागत नाही. रोवणीच्या दिवसांत कोणी बैठक बोलावली, तर लोक ‘रोवणी होऊन जाऊ द्या’ एवढंच म्हणतात. त्या चार शब्दांत नकार आला, कारण आलं आणि नवी वेळही आली. कोणाला वाईट वाटत नाही, कारण बोलावणाऱ्याच्या बांधीतही तोच चिखल असतो. घरातल्या घरात तर आपण त्याहून कमी शब्दांत भागवतो. ‘पाहू’, ‘सवडीने बसू’, ‘येऊन जाऊ एखाद्या दिवशी’. यातलं कोणतं खरं येणं आहे आणि कोणतं गोड नाही आहे, ते ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं.

इंग्रजी पत्रात आवाज नसतो. तिथे ‘वी विल सी’ लिहिलं तर वाचणारा तारखेची वाट बघत बसतो. दुसरी अडचण अशी की मराठीत आपली नम्रता ‘आपण’ या शब्दात असते, क्रियापदात असते. ‘ये’, ‘या’, ‘यावं’ यांतून सगळं कळतं. इंग्रजीत लहानाला आणि मोठ्याला एकच ‘यू’. म्हणून त्यांची नम्रता ‘वुड’, ‘कुड’, ‘माइट’ यांच्यात जाऊन बसली आहे. आपली मुलं ‘प्लीज शिफ्ट द मीटिंग’ लिहितात आणि त्यांना वाटतं की प्लीज घातलं म्हणजे झालं. पण तो हुकूमच राहतो, फक्त प्लीज लावलेला हुकूम. ‘वुड इट बी पॉसिबल टु मीट ऑन ट्यूसडे?’ असं विचारलं की तीच गोष्ट विनंती होते. समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवणं, एवढाच त्या ‘वुड’चा अर्थ.

मी बी.कॉम. केलं तेव्हा आम्हाला व्यापारी पत्रव्यवहार शिकवायचे. ‘आय रिग्रेट टु इन्फॉर्म यू’, ‘काइंडली डू द नीडफुल’, आणि सगळ्यांत लाडकं, ‘ड्यू टु अनअव्हॉइडेबल सर्कमस्टान्सेस’. वर्तमानपत्रात ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलण्यात आला आहे’ असं येतं, त्याचंच हे इंग्रजी भावंड. कारण दिल्यासारखं दिसतं, पण कारण काही दिलेलं नसतं. तरी एवढं मान्य करायला हवं की त्यात खोटं काही नाही. खोटं शिरतं ते त्याच्या पुढच्या पायरीवर, जिथे आपण बनवलेलं कारण लिहितो.

तो प्रसंग आमच्या घरात २०२५ च्या पर्युषणात आला. त्या वर्षी भाद्रपद शुद्ध चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. बाहेर गणपती बसायचे होते आणि आमची संवत्सरी. संवत्सरीचं प्रतिक्रमण मोठं. आम्ही त्यासाठी कामठ्याहून गोंदियाला जातो. दुपारी साडेतीनला बसलं की दिवस मावळेपर्यंत चालतं. फोन बंद. माझी सून त्याच वर्षी नव्या नोकरीला लागली होती आणि तीन महिन्यांचं तिचं काम लंडनच्या ग्राहकापुढे मांडायची मीटिंग नेमकी त्या दिवशी ठरली. लंडनचा दुपारचा एक, म्हणजे आपले साडेपाच.

पर्युषणाचा पहिला दिवस होता. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मम्मी, मी बुधवारी सकाळी लिहून टाकीन, बरं वाटत नाही म्हणून. आजारपणाला कोणी प्रश्न विचारत नाही. धर्माचं नाव काढलं की लगेच विचार करतात, ही दर महिन्याला काहीतरी सण काढणार.”

तिचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. नव्या नोकरीत माणसाची पत अजून तयार व्हायची असते. नोकरी तिची, धाक तिला, आणि उपदेश करणारी मी घरात बसलेली. शिवाय ती प्रतिक्रमण सोडून मीटिंगला बसते म्हणाली असती, तरी मी काय करणार होते? तिला प्रतिक्रमण करायचं होतं, म्हणून तर ही पंचाईत.

पण एक गोष्ट माझ्या मनात आली ती मी बोलले. “बेटा, प्रतिक्रमणात अठरा पापस्थानकं म्हणशील ना? दुसरं मृषावाद. ते एक वेळ राहू दे. सतरावं आलं की काय करशील?”

सतरावं म्हणजे मायामृषावाद. नुसतं खोटं नाही, कपट करून, साळसूदपणे बोललेलं खोटं. आपल्या आचार्यांनी त्याला वेगळा आकडा दिला आहे, याचं मला नेहमी नवल वाटतं. रागाच्या भरात तोंडातून गेलेलं खोटं वेगळं आणि सकाळी उठून, शब्द जुळवून, शुद्धलेखन तपासून पाठवलेलं खोटं वेगळं. वर्षभराच्या खोट्याची क्षमा मागायला बसता यावं म्हणून सकाळी एक ताजं खोटं पाठवायचं, हा हिशेब मला जमेना. सून हसली, “मम्मी, तुम्ही पण ना!” आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. चार पोळ्या झाल्यावर म्हणाली, “मग काय लिहू ते तरी सांगा.”

तेव्हा मला कालकाचार्यांची गोष्ट आठवली. पर्युषणात आपण ती ऐकतो, पण ती आपल्या महाराष्ट्रात घडली, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. प्रतिष्ठानपूर म्हणजे आपलं गोदावरीकाठचं पैठण. तिथे सातवाहन राजाचं राज्य. कालकाचार्य तिथे चातुर्मासाला होते. पर्युषणाचा मुख्य दिवस तेव्हा भाद्रपद शुद्ध पंचमीचा. परंपरा सांगते की त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव असायचा आणि राजाला प्रजेबरोबर त्यात जावं लागे. राजाने आचार्यांना विनंती केली, की आपलं पर्व एक दिवस पुढे, षष्ठीला घ्या, म्हणजे मलाही आराधना करता येईल. आचार्य म्हणाले की पंचमी ओलांडता येणार नाही. राजाने विचारलं, मग चतुर्थीला? आचार्यांनी होकार दिला. तेव्हापासून चौथ सुरू झाली. आजही मूर्तिपूजक संघांत संवत्सरी चौथीला होते, स्थानकवासी आणि तेरापंथी पंचमीला करतात, आणि दिगंबरांचं दशलक्षण पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. गणपती आणि आपली संवत्सरी बहुतेक एकाच दिवशी येतात, त्याचं मूळ या एका बदललेल्या तारखेत आहे.

विचार करा, ही मीटिंगची वेळ बदलण्याचीच गोष्ट आहे. मागणारा राजा होता, तरी त्याने हुकूम सोडला नाही, विनंती केली. कारण खरं सांगितलं. दुसऱ्या देवाच्या उत्सवाला जायचं आहे हे जैन आचार्यापुढे सांगायला तो लाजला नाही. आचार्यांनीही त्याचा अपमान मानला नाही. जे हलणार नाही ते त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि जे हलू शकतं ते हलवलं.

पुढे का नाही आणि अलीकडे का चालतं? कल्पसूत्राच्या सामाचारीत नियमच असा आहे, की अलीकडे करायला हरकत नाही, ती रात्र ओलांडायला मात्र परवानगी नाही. त्यामागचं कारण कषायांच्या मुदतीत आहे, असं मी समजते. संज्वलन कषाय पंधरा दिवसांचा, प्रत्याख्यानावरण चार महिन्यांचा, अप्रत्याख्यानावरण एका वर्षाचा. वर्ष ओलांडून मनात राहिला तो अनंतानुबंधी, जन्मभर पाठ न सोडणारा. म्हणून पाक्षिक, चौमासी आणि संवत्सरी अशी तीन प्रतिक्रमणं. मनातलं वैर वर्ष भरायच्या आत फेडायचं. एक दिवस आधी फेडलं तर चांगलंच, एक दिवस उशीर झाला तर मुदत गेली.

हे मी तिला सांगत होते आणि माझं मलाच हसू आलं, कारण हाच नियम मी कॉमर्सला शिकले होते. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट. बिलाची मुदत भरली की सवलतीचे तीन दिवस मिळतात आणि तो तिसरा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आला, तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्यायचे. परीक्षेत हमखास यायचं. १२ जुलैला काढलेलं एक महिन्याचं बिल, अधिक तीन दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट. त्या दिवशी सुट्टी, म्हणून देय तारीख १४ ऑगस्ट. वर्गात निम्म्या मुली १६ लिहायच्या. कायदा म्हणतो, सुट्टी आहे म्हणून देणं मागे पडत नाही, ते अलीकडे येतं. पैठणच्या आचार्यांनी जे केलं, तेच इंग्रजांच्या कायद्याने बिलाच्या बाबतीत केलं. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला थांबवायचं नाही. आपली अडचण असेल तर आपण आधी उठायचं.

सून म्हणाली, “म्हणजे मीटिंग पोस्टपोन नाही, प्रीपोन करायची.”

हा ‘प्रीपोन’ शब्द आपला भारतीय इंग्रजीतला. ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे, पण लंडनच्या माणसाच्या तोंडी सहसा नसतो. तो ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतो. त्यातही गंमत आहे. ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हटलं की घोटाळा होतो. ‘बुधवारची मीटिंग टू डेज फॉरवर्ड केली’ असं इंग्रजी बोलणाऱ्यांना सांगून, आता ती कोणत्या दिवशी, असं मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विचारून पाहिलं आहे. काहीजण सोमवार म्हणतात, काहीजण शुक्रवार! काळ आपल्याकडे येतो असं मानणारा अलीकडे मोजतो आणि आपण काळात पुढे चाललो असं मानणारा पलीकडे मोजतो. आपल्याला हसायचं कारण नाही. आपला ‘परवा’ होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. गोंदियाच्या बाजारातल्या हिंदीत ‘कल’चंही तेच. म्हणून पत्रात पुढे-मागे, नेक्स्ट-कमिंग असं काही लिहायचंच नाही. वार, तारीख, वेळ आणि ती वेळ कोणाच्या घड्याळाची, एवढं लिहायचं. तारीखही नुसत्या आकड्यांत नको, महिन्याचं नाव हवं, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात. आणि लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तास. हे ज्या पोरींना माहीत असतं त्यांची अर्धी पत्रं वाचतात.

शब्दांचं आणखी एक. आपल्या सहकारी संस्थेच्या सभेची सूचना आठवा. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.’ तहकूब म्हणजे सुरू व्हायची किंवा झालेली सभा थांबवून तीच पुन्हा घेणं, इंग्रजीत अ‍ॅडजर्न. लांबणीवर टाकणं म्हणजे पोस्टपोन. रद्द म्हणजे कॅन्सल. आणि नवी तारीख ठरवून वेळ बदलणं म्हणजे रीशेड्यूल. नवी तारीख हाताशी नसताना ‘रीशेड्यूल’ लिहिलं तर ते पत्र अपुरं. समोरच्याला वाटतं, हिला टाळायचं आहे.

त्या रात्री सगळं आवरल्यावर आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसलो. तिचा पहिला मसुदा अकरा ओळींचा होता आणि त्यात तीनदा ‘एक्स्ट्रीमली सॉरी’. मी म्हटलं, आपण गुन्हा केलेला नाही, एकदा सॉरी पुरे. तिने पर्युषणाची माहिती पाच ओळींत लिहिली होती. तीही काढली. समोरच्याला आपला धर्म समजून घ्यायचा असेल तर तो विचारेल, आता त्याला फक्त तारीख हवी आहे. सोमवार सुचवावा असं तिच्या मनात होतं, पण २५ ऑगस्टला लंडनला बँक हॉलिडे. ऑगस्टचा शेवटचा सोमवार तिथे सुट्टीचा असतो. म्हणून मंगळवार. शेवटी राहिलं ते असं:

‘अवर मीटिंग इज ऑन वेन्सडे, ट्वेंटी-सेव्हन ऑगस्ट, अ‍ॅट वन पीएम लंडन टाइम. दॅट डे इज संवत्सरी, द मोस्ट इम्पॉर्टंट डे ऑफ द जैन इयर, अँड आय विल बी अ‍ॅट प्रेयर अँड अवे फ्रॉम माय फोन. वुड इट बी पॉसिबल टु मीट अ डे अर्लियर, ऑन ट्यूसडे, ट्वेंटी-सिक्स ऑगस्ट, अ‍ॅट द सेम टाइम? इफ नॉट, आय अ‍ॅम फ्री ऑन थर्सडे, ट्वेंटी-एट ऑगस्ट, फ्रॉम नाइन एएम लंडन टाइम. माय स्लाइड्स विल रीच यू धिस फ्रायडे इन एनी केस. आय अ‍ॅम सॉरी फॉर द ट्रबल.’

पाहा, यात पाच गोष्टी आहेत. कोणती मीटिंग, खरं कारण एका वाक्यात, आपण होऊन दिलेल्या दोन वेळा आणि त्यांतली अलीकडची आधी, समोरच्याचं काम अडणार नाही याची हमी, आणि एक सॉरी. स्लाइड्सची ओळ तिने स्वतः घातली आणि मला ती सगळ्यांत आवडली. नुसता नम्रपणा कोणीही दाखवतो. ती ओळ लिहायची तर दोन रात्री जागावं लागणार होतं. पत्र ग्राहकाला जाण्याआधी तिने आपल्या मॅनेजरला दाखवलं, हेही बरोबरच. घरातल्या मोठ्यांना सांगून मग पाहुण्यांना सांगावं, तसं.

आता पुढचं सांगते, कारण अशा गोष्टींचा शेवट नेहमी गोड करून सांगतात आणि मग आपल्या मुली फसतात. लंडनहून उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. चांगलं होतं. तुमच्या सणाच्या शुभेच्छा, आगाऊ कळवलंत म्हणून आभार, पण आमची तीन माणसं एकत्र फक्त बुधवारीच आहेत. मीटिंग हलली नाही. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, तुझ्या स्लाइड्स तुझा सहकारी मांडेल. तीन महिने राबली ती, आणि मांडला दुसऱ्याने.

तिला लागलं. ती माझ्याशी काही वाईट बोलली नाही, पण गुरुवारभर गप्प होती. मीही ‘धर्म केलास, फळ मिळेल’ असलं काही बोलले नाही. आजारी आहे म्हटलं असतं तरी मीटिंग तिच्यावाचून झालीच असती, हे खरं. पण तेव्हा ते बोलून दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ. मी तिच्या आवडीची मूगडाळीची खिचडी केली. तिने शुक्रवारी स्लाइड्स पाठवल्या, आणि प्रत्येक पानाखाली काय बोलायचं तेही लिहून दिलं, म्हणजे सहकाऱ्याला अडायला नको. संवत्सरीला ती माझ्या शेजारी कटासणावर बसली होती. अठरा पापस्थानकांचं सूत्र आलं तेव्हा मी मुद्दामच तिच्याकडे पाहिलं नाही. ते तिचं तिने म्हणायचं होतं.

सप्टेंबरमध्ये मॅनेजरने तिला विचारलं, अशा आणखी कोणत्या तारखा आहेत, आत्ताच सांगून ठेव. तिने ओळी, ज्ञानपंचमी आणि पुढची महावीर जयंती कॅलेंडरवर घातली. धर्माचं नाव काढलं की दर महिन्याला सण काढणार असं समजतील, ही तिची भीती होती. खरंच तिला दर महिन्याचं सांगावं लागलं, पण एकदाच आणि आधी. याला मी विजय म्हणत नाही. त्या मीटिंगमध्ये बोलायची संधी गेली ती गेलीच. पण आजारपणाचं कारण दिलं असतं, तर पुढच्या वर्षी पुन्हा आजारी पडावं लागलं असतं.

एवढं झाल्यावर माझ्या मनात आपल्या महाराज साहेबांचं बोलणं घोळत राहिलं. कोणी गोचरीची, चातुर्मासाची विनंती केली, की ते ‘येतो’ म्हणत नाहीत. ‘वर्तमान जोग’ म्हणतात. जसा अवसर असेल तसं. लहानपणी मला ते टोलवाटोलवी वाटायचं, आपल्या ‘पाहू’सारखं. तसं नाही. दशवैकालिक सूत्राचं सातवं अध्ययन, वाक्यशुद्धी, सगळं बोलण्याविषयी आहे. उद्याची जी गोष्ट आपल्या हातात नाही, ती साधूने ठामपणे बोलू नये, असं त्यात सांगितलं आहे. उद्या येतो म्हटलं आणि पाऊस लागला, तर हेतू चांगला असूनही वचन खोटं ठरलं. ‘पाहू’ म्हणणारा आपलं मन लपवतो. ‘वर्तमान जोग’ म्हणणारा काहीच लपवत नाही, उद्याचं मला ठाऊक नाही एवढंच खरं सांगतो. आपण संसारी माणसं, आपल्याला तारखा द्याव्याच लागतात. पण ‘डेफिनेटली’, ‘हंड्रेड पर्सेंट’ असे शब्द पत्रात घालताना जरा थांबावं.

आणि याच सूत्राची जन्मकथा पाहा. आचार्य शय्यंभवांचा मुलगा मनक लहान वयात त्यांच्याकडे दीक्षा घ्यायला आला. त्याचं आयुष्य सहाच महिने उरलं आहे, हे आचार्यांनी जाणलं. एवढ्या काळात सगळी आगमं शिकवणं अशक्य. म्हणून त्यांनी सार काढून दहा अध्ययनं रचली. मुदत हलत नव्हती, तेव्हा त्यांनी अभ्यास आटोपशीर केला. मनक ते शिकून गेला, आणि सूत्र आपल्यासाठी राहिलं.

म्हणून मीटिंगचं पत्र कसं लिहायचं हे शिकवताना मी मुलींना आणखी एक विचारते. आपण बाहेरच्यांना तारीख बदलून मागताना एवढे शब्द जुळवतो, मग सामायिक पुढे ढकलताना काय लिहितो? सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. ‘आज पाहुणे आहेत, उद्या दोन करीन.’ त्याला कोणी पत्र मागत नाही, कोणी नवी तारीख मागत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं लांबणीवर पडतं. उत्तराध्ययनात भगवान गौतमस्वामींसारख्या ज्ञानी शिष्यालाही प्रमाद करू नकोस म्हणून पुन्हा पुन्हा बजावतात, ते उगाच नाही.

आमच्या घरात आता ठरलं आहे. दिवाळीला नवं पंचांग आलं की जेवणं झाल्यावर मी आणि सून बसतो. मी तिथ्या वाचते, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये घालते, आणि संवत्सरीच्या समोर ‘नॉट अव्हेलेबल’ लिहिते. त्याच बैठकीत ती मला विचारते, “मम्मी, तुमचं सामायिक किती वाजता घालू?” मी सकाळचे साडेसहा सांगितले आहेत. त्या वेळी घरात कोणी चहा मागत नाही.

तुमच्याकडे अशी पत्रं कशी लिहितात, तेही कळवा. जय जिनेंद्र.